ओला पारा, कोरडा पारा

तुती लावलेल्या बायकांसाठी आजचं बोलणं आहे, पण ज्यांच्याकडे रेशीम नाही त्यांनीही रेडिओ बंद करू नका. माठ तर सगळ्यांच्याच घरी असतो ना?

माठापासूनच सुरुवात करू. वैशाखात माठातलं पाणी दात ठणकतील इतकं गार होतं आणि श्रावणात तोच माठ, तेच पाणी, पण गारवा नाही. माठ बिघडलेला नसतो. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वैशाखातली हवा कोरडी, तिला पाण्याची तहान असते. श्रावणातली हवा आधीच पाणी पिऊन बसलेली असते, ती माठाचं पाणी कशाला घेईल? म्हणजे माठ किती गार झाला यावरून हवा किती दमट आहे हे कळतं.

संगोपनगृहात भिंतीवर लावतो ती दोन नळ्यांची पट्टी याहून वेगळं काही करत नाही. दोन सारखे थर्मामीटर शेजारी शेजारी. एक उघडा, तो कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची वात गुंडाळलेली, वातीचं दुसरं टोक पाण्याच्या कुपीत, तो ओला. वात वाळते तशी ओली नळी गार पडते आणि तिचा पारा खाली राहतो. (आजकाल काचेत पाऱ्याऐवजी लाल रंगाचा अल्कोहोल असतो, पण आम्ही पाराच म्हणतो.) दोन्हींतला फरक मोठा तर हवा कोरडी, फरक लहान तर हवा दमट. हवामान खात्याच्या वेधशाळेत, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, हीच जोडी टांगलेली असते.

आमच्या गटात पहिल्यांदा ही पट्टी आली तेव्हा घरातली माणसं म्हणाली, ‘अंगाला कळतं की, याला कशाला पैसे?’ अंगाला कळत नाही, बायांनो. उन्हातून पाला कापून शेडमध्ये आलेल्या बाईला शेड गारच वाटणार. आणि अळीचं अंग आपल्यासारखं नसतं. ती पाणी पीत नाही, तिला पाणी मिळतं ते पाल्यातून. हवा कोरडी झाली की पाला तासाभरात कोमेजतो, अळी तोंड फिरवते, उपाशी राहते. हवा फार दमट झाली की बिछाना ओला राहतो, त्यावर बुरशी येते, आणि मस्कार्डिन झालेली अळी खडूसारखी कडक होऊन पडते.

आता आकडे. चॉकीच्या बारीक अळ्यांना २७-२८ अंश आणि ८०-९० टक्के आर्द्रता लागते, पण ते काम चॉकी केंद्रात होतं. आपल्याकडे अळी येते दुसरी कात टाकून. तिसऱ्या अवस्थेत २६ अंशांच्या आसपास आणि ७५ ते ८० टक्के, चौथीत २५ अंश आणि ७० ते ७५, पाचवीत २४ अंश आणि ६५ ते ७०. अळी मोठी होईल तसं ऊन आणि ओल दोन्ही कमी करत जायचं. कात टाकायला बसल्यावर तर बिछाना कोरडाच हवा, म्हणून तेव्हा चुना धुरळतो.

टक्के काढायला पट्टीवर तक्ता छापलेला असतो. पण बारीक अक्षर आणि रात्री अकराची वेळ, तेव्हा एवढं पाठ ठेवा : शेडमध्ये २४ ते २६ अंश असताना दोन नळ्यांत दोनाचा फरक म्हणजे सुमारे ८५ टक्के, तिनाचा म्हणजे ७७, चाराचा म्हणजे ७०, पाचाचा म्हणजे ६३-६४. म्हणून तिसऱ्या अवस्थेला तीन, चौथीला साडेतीन-चार, पाचवीला चार-पाच. कोष करायला चंद्रिकेवर चढवल्यावर पाच. आमच्यातल्या शाळा न शिकलेल्या आजीबाईसुद्धा आता ‘चारावर आहे’ म्हणून सांगतात आणि तेवढ्यावर काम होतं.

हे पाठांतर फक्त त्याच गरमीला. तोच चाराचा फरक थंडीत १६ अंशांना असेल तर आर्द्रता ६२ टक्क्यांच्या आसपास असते, आणि ३८ अंशांना असेल तर ७६. गरम हवेत पाणी मावतं जास्त, म्हणून असं. गरमी या पट्ट्याबाहेर गेली की तक्ताच बघायचा.

पट्टी खोटं बोलते ती बहुतेक वेळा वातीमुळे. बोअरच्या पाण्याचा क्षार वातीवर बसतो, वात कडक होते, पाणी नीट चढत नाही आणि ओली नळी हवी तेवढी गार होत नाही. मग हवा आहे त्याहून दमट दिसते. म्हणून कुपीत पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. वात दर पंधरा दिवसांनी बदलायची, नवीन मलमल आधी खळ जाईपर्यंत धुवायची. दोन्ही नळ्या अगदी सारखा आकडा दाखवू लागल्या तर ‘शंभर टक्के दमट’ म्हणून चुना घेऊन धावू नका, आधी वातीला बोट लावून बघा. कोरडी असेल तर कुपी भरा आणि पाव तास थांबा. आणि ओल्याचा पारा कोरड्याच्या वर गेलेला दिसला तर नळीतच दोष आहे, कारण हवेत असं कधी होत नाही. नवीन पट्टी आणली की वात न लावता दोन्ही नळ्या तासभर शेजारी ठेवायच्या. तेव्हा सारख्या दिसल्या पाहिजेत.

टांगायची रॅकच्या मधल्या कप्प्याच्या उंचीला. दारात नको, पत्र्याजवळ नको, कूलरच्या झोतात नको. आकडा वाचण्याआधी वहीनं मिनिटभर वारा घालायचा, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, आणि आधी ओला वाचायचा, कारण आपण जवळ गेलो की आपल्या श्वासानं तोच आधी हलतो.

डिजिटल मीटर आता पुष्कळ जणींकडे आहे. चांगला आहे, पण वर्ष-दोन वर्षांत तो सरकतो. त्याला तपासायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, वाळूसारखं ओलसर होईल एवढंच पाणी घाला, आणि मीटरसकट हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी त्यानं ७५ च्या आसपास दाखवलं पाहिजे. ८५ दाखवत असेल तर तो दहानं जास्त सांगतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

या ओल्या पाऱ्याची सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. ओलं गोणपाट असो की कूलर, हवा ओल्या पाऱ्याच्या खाली कधीच थंड करू शकत नाही. मे महिन्यात कोरडा ४० आणि ओला २२ असेल तर खिडकीवर गोणपाट टाकून भरपूर गारवा मिळतो. पण आषाढात कोरडा २९ आणि ओला २७ असताना तुम्ही दिवसभर गोणपाट भिजवलंत तरी दोन अंशांच्या पुढे काही मिळणार नाही, उलट ओल वाढेल. तेव्हा खिडक्या उघडा, पंख्यानं हवा खेळती ठेवा, ओला पाला घालू नका. आपल्या अंगाच्या घामाचंही असंच. ओला पारा ३५ च्या आसपास गेला की घाम वाळून अंग गार होणं जवळजवळ थांबतं, आणि त्रास त्याच्या कितीतरी आधीच सुरू होतो. दमट उकाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये सलग काम करू नका, घरातले काही म्हणोत.

थंडीत उलटा फास. रात्री १८ अंश आणि ८० टक्के असलेली खोली शेगडीनं २५ अंशांवर नेली, की पाण्याचा थेंबही न जाता आर्द्रता ५२ टक्क्यांच्या जवळ येते. म्हणून शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवायचं, आणि वरची खिडकी थोडी उघडी. कोळशाच्या धुरानं अळीआधी माणूस जातो.

आता वहीबद्दल. आमच्या गटात सकाळी, दुपारी आणि रात्री अशी तीन वेळा दोन्ही नळ्यांची नोंद होते. मागे एका ताईंच्या बॅचला चौथ्या कातीनंतर ग्रासेरी आली. अळ्या फुगल्या, पिवळट झाल्या, रॅकच्या कडेकडेनं फिरू लागल्या, टोचलं की दुधासारखं पाणी. दीडशे अंडीपुंजांची बॅच, त्यावर गटाचं कर्ज. चॉकी देणाऱ्यांनी फोनवरच सांगून टाकलं, ‘तुमच्याकडे ओल वाढली असणार, बायकांना जमत नाही ते.’ ताईंनी वही काढली. सतरा दिवसांत एकदाही फरक तिनाच्या खाली नव्हता. रोग त्यांच्याकडूनच आला हे वहीनं सिद्ध होत नाही, आम्ही तसं म्हटलंही नाही. पण ओलीची सबब तिथल्या तिथे संपली. चार जणी वही घेऊन समोर बसल्यावर पुढच्या बॅचच्या चॉकीचे निम्मे पैसे त्यांनी सोडले.

शेड बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या नावावर, कोष जालन्याला नाहीतर रामनगरला विकल्यावर पैसेही त्याच्याच खात्यावर. रात्री अकराला उठून पारा बघणारी मात्र आपण. त्या वहीत नोंद करणारीचं नाव रोज लिहायचं, सही नसेल येत तर अंगठा. आता कर्जाच्या बैठकीला ती वही आम्ही मागतोच. ज्यांच्याकडे पट्टी आहे पण तक्ता पुसला गेलाय, त्यांनी बैठकीला पट्टी सोबत आणावी, मोठ्या अक्षरात लिहिलेला तक्ता देऊ. वातीसाठी जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडाही चालेल, फक्त धुऊन आणा.