नळाच्या दुसऱ्या टोकाला : गंभीरगड ते कुर्झे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या सभासदांच्या गप्पांच्या कार्यक्रमातील भाषण)



कमिटीनं मला सांगितलं, "तुम्ही डोंगर फिरता, तर पंधरा मिनिटं फिरण्यावर बोला." पण रौप्यमहोत्सव म्हटला की विरारच्या कुठल्याही सोसायटीत पहिली आठवण निघते ती पाण्याची. टँकरची वाट बघणं, टाकीत वाकून बघणं, पहाटे मोटर कुणी लावली यावरून झालेली भांडणं. म्हणून मी आज फिरण्यावर बोलतो, पण पाण्याच्या वाटेनं.

मागच्या फेब्रुवारीत आम्ही सात मित्र गंभीरगडाला गेलो. आमच्यातला सर्वांत तरुण बावन्न वर्षांचा, तेव्हा 'ट्रेक' म्हणायला जरा संकोचच वाटतो. आपण त्याला दिवसभराची पायपीट म्हणू. पहाटे पाचला विरार सोडलं. मनोर मागं टाकलं की महामार्ग मेंढवण खिंडीत शिरतो. दोन्ही बाजूंना डोंगर, उजाडायच्या आतला गारवा. गाडीत सगळे पेंगत होते, तेव्हा मी एकच माहिती दिली. सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या नव्या जलवाहिनीसाठी याच मेंढवण खिंडीत बोगदा खणला आहे, दुसरा तुंगारेश्वरच्या डोंगरात. म्हणजे आपण ज्या डोंगरावरून चाललोय, त्याच्या पोटातून आपलं पाणी उलट दिशेनं आपल्या घरी चाललंय. पेंगणारे जागे झाले!

पुढे चारोटी, आणि तिथून आत वळलं की कासा. कासाला सूर्या नदी भेटते. जव्हारच्या बाजूच्या डोंगरांतून ही नदी येते आणि पुढे वैतरणेला मिळते. वाटेत धामणीला तिच्यावर मोठं धरण आहे आणि त्याखाली कवडासला बंधारा. धरणाचा मूळ हेतू शेती. डहाणू-पालघरकडच्या शेतांना कालव्यांनी पाणी द्यायचं, हे ठरलेलं. मग शहरं वाढली आणि पाण्याचा मोठा वाटा शहरांकडे वळला. नव्या योजनेचे आकडे सांगतो : एकूण 403 दशलक्ष लिटर रोज. त्यातले 185 वसई-विरारला, 218 मीरा-भाईंदरला. पेल्हार आणि उसगावची धरणं आपली जवळची, पण त्यांच्यावर एवढं मोठं शहर जगत नाही. आपण जगतो ते सूर्येवर. पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आंदोलनं केली. त्या बातम्या आपण वाचल्या असतील, पण वाचून पान उलटलं असेल.

कासाहून सायवनच्या रस्त्याला लागलो. सायवनच्या पुढे एका पाड्यावर गाडी लावली आणि पाड्यातलेच एक दादा वाटाडे म्हणून घेतले. ही सूचना लिहून ठेवा : तिथं वाटाड्याशिवाय जाऊ नका. गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की सरळ दिसणारी वाट तुम्हाला भलत्याच नाळेत नेऊन सोडते.

गंभीरगडाची उंची सुमारे 2250 फूट. चढायला आम्हाला अडीच तास लागले. त्यात गुडघेवाल्यांचे तीन थांबे धरले आहेत. सुरुवातीला साग, मग ऐन, खैर, मोह. पळस नुकता फुलायला लागला होता. वर कारवीचं रान. या कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, त्यावर शेणमाती लिंपून वारली घराच्या भिंती होतात, आणि त्याच भिंतीवर लग्नात तांदळाच्या पिठानं चौक लिहिला जातो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या लिफ्टशेजारी रंगवलेला तारपा नाच आठवतोय ना? त्याचं माहेर हे.

गडावर फार काही उरलेलं नाही. पण कड्यावर बसलं की कळतं की इथं गड का बांधला. चारी बाजूंना डोंगरांच्या रांगा, मध्ये खोरी, उत्तरेला दादरा-नगर हवेलीकडचे डोंगर. आम्ही चपात्या, लसणाची चटणी आणि गूळ काढला. दादांनी नाचणीची भाकरी काढली. मित्रानं विचारलं, "दादा, हे एवढं जंगल अजून टिकलं कसं?" ते म्हणाले, "जेवढं टिकलंय तेवढं बघा."

टिकण्याला कारणं आहेत. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर बंधनं आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996 साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. हे कागदावरचं कारण. जमिनीवरचं कारण म्हणजे त्या पाड्यांतली माणसं. वाटेत एका झाडाखाली वाघदेव होता, त्याला शेंदूर लावलेला. दादा दोन क्षण थांबले, मगच पुढे गेले.

जंगलाचा आणि आपल्या नळाचा संबंध साधा आहे. पाऊस उघड्या डोंगरावर पडला तर माती घेऊन धावत सुटतो आणि धरणात गाळ भरतो. तोच पाऊस झाडांखालच्या पाचोळ्यावर पडला तर जिरतो आणि महिनोन्महिने झिरपत ओढ्यांना येत राहतो. झाडं गेली की धरण उथळ होणार, ओढे लवकर आटणार.

आता मुख्य गोष्ट. उतरताना आम्ही एका ओढ्यापाशी आलो. ओढा आटलेला. पात्रात वाळू उकरून केलेला झिरा, आणि एक ताई वाटीनं पाणी काढून हंडा भरत होत्या. वाटी भरायची, ओतायची, झिऱ्यात पाणी साचेपर्यंत थांबायचं. तेव्हा फेब्रुवारी होता. एप्रिल-मेमध्ये काय होत असेल, ते तुम्हीच ताडा. आम्ही बसलो, बोलणं निघालं. "कुठले तुम्ही?" "विरारचे." "हां. आमचं पाणी तिकडंच जातं." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एस.टी. कुठं जाते हे सांगावं, तसं सांगितलं. आमच्या सातजणांपैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही.

परतीला उधव्यामार्गे तलासरीकडे उतरलो. तलासरी तालुक्यातलं झरी हे गाव इतिहासात नोंदलं गेलं आहे. 23 मे 1945 रोजी तिथं वारली शेतमजुरांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार करणार नाही, असा निर्धार झाला. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या माणसाला तिथं 'लग्नगडी' म्हणत. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होते. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावं. त्यानंतर गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. हे गवत जात होतं कुठं? मुंबईच्या तबेल्यांना.

संध्याकाळी दापचरीजवळ वरोली नदीवरच्या कुर्झे धरणावर थांबलो. मुंबईला दूध मिळावं म्हणून दापचरीला दुग्धप्रकल्प उभारला, त्याच्यासाठीचं हे धरण. पाण्यावर बगळे उतरत होते. आमच्यातल्या एकानं बोटं मोजली : गवत मुंबईला, लाकूड मुंबईला, दूध मुंबईला, चिकू मुंबईला, आणि आता पाणी विरारला. मग तो म्हणाला, "आपण त्यांना काय पाठवलं?" गाडीत त्यावर बरीच चर्चा झाली. ती सांगत बसत नाही, हिशेब सांगतो.

नळ सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर, महिन्याला जवळजवळ 130 लिटर. शहरातल्या एका माणसाची दिवसाची गरज 135 लिटर धरतात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर ते साडेआठ हंडे होतात. झिऱ्यावर वाटीनं भरायचे साडेआठ हंडे. आपल्या बिल्डिंगमध्ये किती नळ गळतात, ते प्रत्येकानं घरी जाऊन बघावं.

दुसरा हिशेब या गच्चीचा. चारशे चौरस मीटर गच्ची आणि दोन मीटर पाऊस, म्हणजे आठ लाख लिटर. त्यातलं ऐंशी टक्के धरलं तरी 6 लाख 40 हजार लिटर. दहा हजार लिटरचे 64 टँकर दरवर्षी आपल्या डोक्यावर पडतात आणि गटारात जातात. आपल्या बोअरवेलला हे पाणी जोडण्याचा विषय सर्वसाधारण सभेत दोनदा येऊन पुढे ढकलला गेला. रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईबरोबर हाही खर्च मंजूर करावा, अशी माझी जाहीर विनंती. यामुळे त्या ताईंचा झिरा भरणार नाही, हे मला कळतं. त्यासाठी पाड्यापाड्यांत नळ जायला हवेत, आणि ते मागण्यात आपलाही आवाज असायला हवा. पण निदान त्यांच्याकडून येणारं पाणी आपण गटारात सोडत नाही, एवढं तरी म्हणता येईल.

शेवटचं. दिवाळीनंतर आपण सोसायटीतर्फे एक दिवसाची सहल काढू. कासाला नदी बघायची, ज्यांना झेपेल त्यांनी गंभीरगड चढायचा, ज्यांना नाही झेपणार त्यांनी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचं दर्शन घ्यायचं. वाटाडे तिथलेच, जेवण पाड्यातल्याच एखाद्या घरी पैसे देऊन, आणि कचरा आपल्या पिशवीत परत. मुलांना मात्र नक्की आणा. नळ सोडला की पाणी येतं एवढंच त्यांना ठाऊक आहे. ते कुठून येतं, आणि तिथं कोण राहतं, तेही त्यांनी बघितलेलं बरं. नावं उद्यापासून ऑफिसात द्या. मिनीबसला सव्वीस जागा आहेत, त्यातल्या सात आमच्या गुडघेवाल्यांनी आधीच धरल्या आहेत.