तांब्यावरच्या दोन राजधान्या



नवी राजधानी वसविताना तट, वाडे नि सभामंडप उभारण्यास द्रव्य पुरेसे होते. परंतु शेकडो कोसांवरच्या रयतेच्या मनात त्या नगरीविषयी आपलेपणा उपजविणे हे कार्य कोणत्याही खजिन्याच्या आवाक्यातले नसते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने हे कार्य तांब्याच्या दोन लहानशा नाण्यांवर सोपविले, आणि ते सोपविताना त्याने दाखविलेला विवेकच मला आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

इ.स. ३२४ मध्ये प्रतिस्पर्धी लिसिनियसचा पाडाव करून साऱ्या साम्राज्यावर एकछत्री अंमल बसविल्यावर त्याने बॉस्फरसच्या मुखाशी असलेले बायझँटियम हे जुने ग्रीक बंदर निवडले, आणि ११ मे ३३० रोजी तेथे आपल्या नावाच्या नगरीची समारंभपूर्वक प्रतिष्ठापना केली. त्या सुमारास ट्रियरपासून अँटिओकपर्यंतच्या टांकसाळींतून दोन नाणी जोडीने पाडली जाऊ लागली.

भिंगाखाली धरले की ही नाणी बोलू लागतात. एकावर शिरस्त्राण ल्यालेली, खांद्यावर राजदंड टेकविलेली कॉन्स्टँटिनोपोलिस नगरी असून मागे पंख असलेली विजयदेवता गलबताच्या नाळेवर उभी आहे. दुसऱ्यावर रोम नगरी असून मागे लांडगी मान वळवून आपल्या अंगाखाली दूध पिणाऱ्या रोम्युलस व रेमस या जुळ्यांकडे पाहत आहे, आणि तिच्या पाठीवर दोन तारे चमकत आहेत. तळाच्या रेषेखाली टांकसाळीची अक्षरे आहेत. मात्र ज्या जागी सम्राटाचा मुखवटा असावयाचा हा शतकांचा शिरस्ता, तेथे सम्राट नाही. ती जागा त्याने नगरीस दिली आहे.

आणि ती एकट्या नव्या नगरीस दिली नाही, यात मला त्या राजनीतीचे मर्म दिसते. थोरलीचा मान हिरावून धाकटीस दिला असता, तर रोमचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक नागरिकास नवी राजधानी सवत वाटली असती. दोघींची नाणी एकाच वजनाची, एकाच बटव्यात खुळखुळणारी, म्हणून त्या बहिणी वाटल्या. ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या या राजाने त्या पुरातन लांडगीलाही हात लावला नाही.

गलबताच्या त्या नाळेत अनेक अभ्यासक ३२४ मधील हेलेस्पाँटचा आरमारी विजय पाहतात. तो मिळविणारा क्रिस्पस हा सम्राटाचा ज्येष्ठ पुत्र. ३२६ मध्ये पित्याच्याच आज्ञेने त्यास देहदंड झाला आणि शिलालेखांतून त्याचे नाव खरवडून काढण्यात आले. हा अर्थ मान्य केला, तर असे म्हणावे लागते की नाव पुसणाऱ्या सत्तेला त्या मुलाचे कर्तृत्व नगरीच्या नाण्यावरून पुसता आले नाही, कारण ते आता नगरीचे झाले होते.

कॉन्स्टंटाइनाने त्या नगरीत उंच स्तंभावर स्वतःचा पुतळाही उभारला होता. ११०६ च्या वादळात तो कोसळला. स्तंभ आजही इस्तंबूलमध्ये उभा आहे, परंतु त्याच्या माथ्यावर तो पुतळा नाही. सज्जनहो, जेथे राजाने स्वतःस उंच चढविले तेथून वाऱ्याने त्यास खाली आणले. जेथे त्याने आपली जागा नगरीस दिली, तेथे ती शिरस्त्राणधारी नगरी सोळा शतकांनंतरही अंगठ्याच्या नखाएवढ्या तांब्यावर ताठ मानेने उभी आहे.