पासपोर्टावरचा शिक्का
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की संसार, संस्कार किंवा आरोग्य ह्यांवर दोन शब्द बोलावेत, अशी आपल्याकडची रीत आहे. मी मात्र आज पासपोर्टावरच्या शिक्क्यांविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जातात. डिंकाचे लाडू, आळीव, मेतकूट ही यादी आपल्याला तोंडपाठ असते. पण स्वतःच्या पासपोर्टात काय लिहिले आहे ते मुलाने किंवा जावयाने पाहिलेले असते. आपण तो नुसता काउंटरवर पुढे करतो.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, तेव्हा तिथे उतरायला व्हिसा लागत नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे निर्बंध आले आणि पुढे ते कायमचेच झाले. तेव्हा ते समजून घेणे आपल्याला भागच आहे.

पासपोर्ट, व्हिसा आणि शिक्का ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण कोण, हे आपले सरकार सांगते, तो पासपोर्ट. व्हिसा म्हणजे यजमानाने पाठवलेली पत्रिका. ती हाती असली की त्याच्या दारापर्यंत जाता येते. आत किती दिवस राहायचे, हे यजमान दारातच सांगतो, तो शिक्का. घोटाळा होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत.

अमेरिकेचेच पाहा. नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना बी-टू ह्या प्रकारचा व्हिसा मिळतो आणि त्याची मुदत बहुधा दहा वर्षांची असते. ह्याचा अर्थ दहा वर्षे राहता येते असा नाही. त्या मुदतीत त्यांच्या दारापर्यंत जाता येते, एवढाच. मुक्काम ठरवतो तो विमानतळावरचा अधिकारी, आणि तो बहुधा सहा महिन्यांचा असतो. समजा, तुम्ही १० मे रोजी उतरलात आणि ९ नोव्हेंबरपर्यंतची परवानगी मिळाली. व्हिसा आणखी पाच वर्षांचा असला आणि परतीचे तिकीट २० नोव्हेंबरचे काढले, तरी ती चूकच. ही नोंद आय-नाइन्टीफोर ह्या नावाने ओळखली जाते. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ती संगणकातच ठेवतात, आणि पासपोर्टाचा क्रमांक घालून ती सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. शिक्का असो वा नसो, उतरल्यावर दोन दिवसांत ती तारीख पाहावी आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. तिकडे आकड्यांनी तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, हेही ध्यानात ठेवावे.

एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. तारीख उलटून एक दिवस जास्त राहिले तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. मुदतीबाहेर १८० दिवसांहून अधिक राहून परत आले, तर तीन वर्षे पुन्हा प्रवेश नाही. वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिले, तर दहा वर्षे नाही. साठीच्या आजीला दहा वर्षे म्हणजे नातवंडाचे अवघे बालपण! आजारपणासारखे खरे कारण असेल, तर मुदत संपण्याच्या आत वाढीव मुक्कामासाठी अर्ज करता येतो. “राहा ग आई, कोण विचारतंय?” हा आग्रह प्रेमाचा असला, तरी ऐकू नये.

युरोपचा हिशेब निराळा आहे. तिथल्या २९ देशांचा मिळून एकच शेंगेन व्हिसा असतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजणीत धरतात. व्हिसावर किती वेळा आत येता येईल, हेही लिहिलेले असते. तो एकाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही पॅरिसहून लंडनला जाऊन आलात, तर पॅरिसचे दार बंद होते. कारण ब्रिटन त्या गटात नाही आणि त्याचा व्हिसाही वेगळा लागतो. तिथे प्रवेशाचा शिक्का चौकोनी कोपऱ्यांचा आणि बाहेर पडल्याचा गोल कोपऱ्यांचा असे. कोपऱ्यात विमान किंवा आगगाडीचे चित्रही असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र त्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आता दिवस तुमच्या आधी यंत्रच मोजते.

मुलींच्या आयांना एक वेगळे सांगायचे आहे. एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न झाले, की मुलीला एच-फोर मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते; पण सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना कामाची परवानगी मागता येते, पण त्यासाठी नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत गेलेले असावे लागते. इंजिनिअर झालेली मुलगी तिथे जाऊन घरात बसली, की तिचा जीव कोंडतो. पत्रिका पाहता, तसा हाही प्रश्न बैठकीत मोकळेपणाने विचारा.

शेवटी एवढेच. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा असेल, तर तो खरवडून काढू नये. दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यावेत. अधिकाऱ्याने कशासाठी आलात, किती दिवस राहणार, असे विचारले, तर खरे तेच सांगावे. इंग्रजी येत नसेल, तर दुभाषी मागण्यात कमीपणा नाही.

येत्या मंगळवारी भजनानंतर ज्यांना हवे त्यांनी आपापले पासपोर्ट आणि चष्मे घेऊन यावे. आपण मिळून एकेक पान वाचू.