मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत

(लातूर येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नांदेडहून निघताना मित्रांनी बजावले होते, लातुरात काहीही बोल, फक्त विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, हा वाद काढू नको. (हशा) नाही काढत. आजचा विषय दोन्ही जिल्ह्यांच्या कपाटांत सारखाच धूळ खात पडला आहे: आपली जुनी नियतकालिके आणि त्यांचे स्कॅनिंग.

निजामी अमदानी, सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई, मग १९५६ पर्यंतचे हैदराबाद राज्य, हे तुम्हाला पाठ आहे. त्यात शिरत नाही. एवढेच ध्यानात घ्या, की छापलेल्या मजकुराची नोंद ठेवणारा १८६७चा कायदा ब्रिटिश मुलखाचा होता. निजामाच्या राज्यात तो चालत नव्हता, म्हणून त्या नोंदींवर आपल्याला विसंबता येत नाही. शिवाय आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की ते नवे नाव घेऊन निघायचे. सूची करणाऱ्याने ते प्रत्येक नाव स्वतंत्र पत्र म्हणून नोंदवले, तर संशोधकाला तुकडे सापडतील, पत्र सापडणार नाही. म्हणून आधी सूची, मग स्कॅनर.

आता माझा आग्रह सांगतो. अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत स्कॅन करा. ‘महत्त्वाचे लेख तेवढे घेऊ’ हे बंद करा. काय महत्त्वाचे, हे ठरवण्याचा अधिकार पुढच्या वाचकाचा आहे. आमच्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर गुरुजी घ्या. गुरुजींचे कितीतरी लेख पुस्तकांत आले. पण ज्या आक्षेपांना ते उत्तर देत होते ते आक्षेप, पुढच्या अंकातली वाचकांची पत्रे, संपादकीय टिपा, हे सारे अंकांतच राहिले. आयुष्यभर वादसंवाद केलेला माणूस पुस्तकात एकटाच बोलतो आहे असे वाटते. समोरचा माणूस अंकात आहे.

आणि आपल्या ग्रंथालयांत काय झाले? वर्षाचे अंक बांधताना बाइंडरने मुखपृष्ठे काढली, जाहिरातींची पाने काढली, कडा कापल्या.

(मागून आवाज: ‘जागा नव्हती हो!’)

मान्य. ग्रंथपालांवर माझा राग नाही. तुटपुंज्या अनुदानात तुम्ही अंक जपलेत, म्हणून आज बोलायला विषय आहे. (टाळ्या) पण जाहिरातीचे पान म्हणजे काय, ते ऐका.

एका जुन्या दिवाळी अंकाचे स्कॅनिंग चालू होते. शेजारी उदगीरकडचे एक निवृत्त शिक्षक बसले होते. एक पान उलटले आणि ते म्हणाले, ‘थांबा.’ पाव पानाची चौकट. तुमच्या गंजगोलाईतले आडत दुकान, तूर-हरभऱ्याचे व्यापारी, तीन आकडी फोन, दीपावलीच्या शुभेच्छा. दुकान त्यांच्या चुलत्याचे. चुलत्याला लिहिणे-वाचणे येत होते ते हिशेबापुरते. संपादक दसऱ्याआधी एसटीने यायचे, गादीवर टेकायचे, चहा व्हायचा आणि जाहिरात ठरायची. त्या साली पाऊस नव्हता, आडतीत माल नव्हता, तरी जाहिरात दिली. का? तर आदल्या वर्षीच्या अंकात गावच्या मास्तरांची कविता आली होती!

मग मी त्या अंकाच्या साऱ्या जाहिराती वाचत बसलो. जिनिंगवाले, कापडवाले, छापखाने, सहकारी संस्था. आपल्या कथा-कविता कुणाच्या पैशावर छापल्या गेल्या, कोणत्या गावच्या बाजारात तेव्हा धुगधुगी होती, सगळे तिथे होते. वाङ्मयेतिहासात या माणसांना जागा नाही. ती या पानांवरच आहेत, आणि नेमकी हीच पाने आपण फाडली.

चिठ्ठी आली आहे. पाचच मिनिटे? तंत्राचा भाग तसाच राहिला. बरे, भराभर सांगतो. पाठीची शिवण कापू नका. पुस्तक अर्धवट उघडे ठेवून वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर वापरा. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा. कागद पातळ असेल तर पानामागे काळा कागद सरकवा, मागची अक्षरे उमटणार नाहीत. चारशे डीपीआय, मूळ प्रत टिफमध्ये, वाचायला पीडीएफ. छापील अक्षरे ओळखणारे ओसीआर जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुकते, तेव्हा निदान अनुक्रमणिका तरी हाताने टंकवा.

प्रताधिकार कायद्याचे विचारता आहात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. गुरुजी १९८२ साली गेले, म्हणजे २०४२ अखेरपर्यंत. तोवर नेटवर टाकायचे तर परवानगी हवी. पण स्वतःकडे छापील प्रत असलेल्या अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा २०१२च्या दुरुस्तीने दिली आहे. तेव्हा हक्काचे कारण सांगून स्कॅनिंग थांबवू नका.

उठा म्हणतायत. एकच. ज्यांच्या घरी १९५६ पूर्वीचे अंक असतील, त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव, गाव, अंकाचे नाव आणि महिना लिहून द्या. फाटका चालेल, कसर लागलेला चालेल. मुखपृष्ठ शिल्लक असेल तर तेही लिहा. त्या घरी मी आधी येईन.