विज्ञानाची बातमी आणि आपली कसोटी

(मुकुंदवाडी येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अलीकडच्या वैज्ञानिक संशोधनावर बोलावे, अशी आपण मला सूचना केली आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून दोनच संशोधने घेतो. एक आकाशातील, दुसरे दवाखान्यातील. दोन्हींतून सांगायचे एकच आहे. शोध लागला असे कोणी जाहीर केले म्हणून तो शोध ठरत नाही. इतरांनी पडताळून पाहिल्यावर ठरतो.

आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताच्या आधारे मांडले की, जड वस्तूंच्या वेगवान हालचालीमुळे अवकाशातच लहरी उठतात. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील जोसेफ वेबर यांनी अशा लहरी आपल्या यंत्रावर नोंदल्याचे जाहीर केले. जगभर खळबळ उडाली. परंतु इतर प्रयोगशाळांनी तशी यंत्रे उभारून पाहिली, तेव्हा त्यांना काही आढळले नाही. वेबर यांच्यामुळे अनेकजण या कामाला लागले हे खरे. पण त्यांचा दावा मान्य झाला नाही.

त्यानंतर ४६ वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी ती लहर पकडली. लायगोच्या दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहेत. प्रत्येकीला काटकोनात ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असून त्यांतून लेसर किरण ये-जा करतो. लहर आली की भुजांच्या लांबीत फरक पडतो, तोही प्रोटॉनपेक्षा शेकडो पटींनी लहान! इतक्या सूक्ष्म मोजणीत जवळून गेलेला ट्रकसुद्धा घोटाळा करू शकतो. म्हणून दोन वेधशाळा, म्हणजेच दोन साक्षीदार. त्या दिवशी दोन्हींकडे सारखीच खूण उमटली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. तरीही शास्त्रज्ञांनी घाई केली नाही. सुमारे पाच महिने तपासणी केली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगितले. गोंगाटातून अशी खूण ओळखण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर यांनी कितीतरी वर्षे आधीपासून काम केले होते.

मित्रांनो, अशीच एक वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभी राहावयाची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या साक्षीमुळे लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे अधिक नेमके सांगता येईल.

आता दवाखान्याकडे वळू. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियावरील औषधाचा मोठा बोलबाला झाला. लोकांनी ते घरात आणून ठेवले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी घेतली. रुग्णालयात दाखल झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर हे औषध दिले, इतरांना फक्त नेहमीचे उपचार. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषधही तपासले गेले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना त्याचा लाभ दिसला नाही. गवगवा एका औषधाचा झाला आणि प्राण दुसऱ्याने वाचवले. तेही सर्वांसाठी नव्हे, विशिष्ट रुग्णांसाठी.

आपल्या वस्तीत कष्टाने मिळवलेला पैसा खोट्या औषधांवर सहज जातो. म्हणून बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा. मोजले कसे? तुलना कोणाशी केली? दुसऱ्या कोणी पडताळले काय? उत्तर मिळत नसेल तर खिशात हात घालू नका आणि शेजाऱ्यालाही सांगू नका. आजारी माणसाला मात्र वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय काढले. त्याला नाव दिले मिलिंद राजाचे, जो नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत राहिला. प्रश्न विचारणे ही आपल्याला मिळालेली वडिलोपार्जित इस्टेट आहे. ती वापरली नाही तर गंजेल.

विद्यार्थ्यांनो, हे मोठे विज्ञान दुसऱ्या कोणासाठी आहे, असे मनात आणू नका. मुकुंदवाडी स्टेशनावरून पूर्वेकडे जाणारी गाडी परभणीला पोहोचते. हिंगोली जिल्हा तिथून जवळ. अशा वेधशाळेला पदार्थविज्ञानाचे पदवीधर लागतात, तसेच संगणक जाणणारे, विजेचे काम करणारे आणि निर्वात नळीला बारीकशीही गळती राहू न देणारे वेल्डरही लागतात. आयटीआयचा मुलगा असो वा बी. एस्सी.ची मुलगी, तयारी आजपासून करावी लागेल. गणिताला घाबरू नका. पालकांनी मुलींचे शिक्षण मध्येच थांबवू नये. संस्थेने आठवड्यातून एक संध्याकाळ विज्ञान वाचनासाठी द्यावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय भीम.