गाभा आपला, जबाबदारीही आपली
(संस्थेच्या रौप्य महोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘लिनक्स कर्नल’ असा विषय छापला आहे. तो वाचून दोघांनी मला विचारले, हे कर्नलसाहेब कोणत्या रेजिमेंटचे? तर हा सैन्यातला कर्नल नव्हे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ दाणा, गाभा. आपण मूलची माणसे, आपल्याला हे कळायला वेळ लागू नये. धान भरडले की तूस निघते, कोंडा निघतो आणि शेवटी हाती येतो तो तांदूळ. संगणकाचेही तसेच. पडद्यावर दिसते ते वरचे. आत एक प्रोग्रॅम बसलेला असतो. कोणाला किती मेमरी द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, कीबोर्ड, वायफाय, प्रिंटर यांच्याशी कसे बोलायचे, हे सगळे तो पाहतो. तो कर्नल.

आजच हा विषय का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. आपल्या बऱ्याच घरांतले लॅपटॉप त्यात बसत नाहीत. ते चालू आहेत, कीबोर्ड धड आहे, पण कंपनीच्या हिशेबी ते म्हातारे झाले. म्हातारा म्हणून कोणाला भंगारात काढणे मला या वयात पटत नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःच्या ३८६ संगणकासाठी हा कर्नल लिहायला घेतला. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. त्यातला मोठा वाटा ड्रायव्हरांचा, म्हणजे जगभरातल्या हजारो तऱ्हेच्या यंत्रांशी बोलणाऱ्या भागांचा. आपल्या लॅपटॉपला त्यातले शंभर-सव्वाशे पुरतात. म्हणून आपल्या यंत्रापुरता कर्नल बांधता येतो आणि त्याचे पॅकेज करून शेजाऱ्यालाही देता येते.

रीत थोडक्यात सांगतो. मूळ मजकूर उतरवून घ्यायचा. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ अशी एक आज्ञा आहे. या घडीला यंत्रात कोणते ड्रायव्हर वापरात आहेत ते ती पाहते आणि बाकीचे वगळते. मग ‘मेक बिनडेब-पीकेजी’ म्हटले की डेबियन किंवा उबंटूवर चढवता येईल असे पॅकेज तयार होते. सगळे ड्रायव्हर घेऊन बांधायला बसलात तर जुन्या यंत्राला पाच-सहा तासही पुरत नाहीत. निवडून घेतले तर तास-दीड तासात काम होते, आणि आपल्या विजेच्या लहरी पाहता हे महत्त्वाचे.

मात्र एक ध्यानात ठेवा. त्या वेळी जे जोडलेले नाही, ते यादीत येत नाही. म्हणून प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम सगळे लावूनच ती आज्ञा द्यायची. आणि एकच पॅकेज पाच घरांत द्यायचे असेल तर पाचही यंत्रांच्या याद्या आणून एकत्र कराव्या लागतात. वर्गणीच्या यादीसारखे आहे, बरं का. ज्याचे नाव राहिले, तो जेवणावेळी रुसणार!

हे काही हवेतले बोलणे नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट इथल्या छोट्या शाळेत मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमातली ती भारतातली सुरुवातीची शाळा. त्या लॅपटॉपचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी, साठवण १ जीबी. आज साध्या मोबाइलमध्येही याहून जास्त असते. तरी ते चालले, कारण त्यांच्यासाठी लिनक्स मुद्दाम तयार केले होते. मूल वाचत असताना पडद्यावरचे पान तसेच राहावे आणि प्रोसेसरने मात्र झोपून वीज वाचवावी, अशी त्याची रचना होती. त्यासाठी कर्नलमध्ये वेगळा ड्रायव्हर घालावा लागला.

आता खरे तेच सांगतो. कर्नल बदलला म्हणून बारा वर्षांचा लॅपटॉप नवा होत नाही. उबंटूचा तयार कर्नलही लागतील तेवढेच ड्रायव्हर मेमरीत आणतो. वेगाचा फरक पडतो तो हलका डेस्कटॉप, वाढवलेली मेमरी आणि एसएसडी यांमुळे. स्वतःचा कर्नल बांधायचा तो एखादा भाग तयार कर्नलमध्ये नसेल तेव्हा, किंवा शिकण्यासाठी. शिकणे हे छोटे कारण समजू नका. कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर. घरचा संगणक अडखळू नये म्हणून ते कर्नलमध्ये आपले बदल करून लोकांना वाटत असत. प्रोसेसरचा वेळ सर्वांना न्याय्य वाटायचा, हा त्यांनी लावून धरलेला विचार २००७ मध्ये मूळ कर्नलमध्ये आला. तो कोड लिहिला दुसऱ्याने, पण श्रेय या डॉक्टरांनाही दिले.

वाटण्याचा हा हक्क आला कुठून? आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातले, धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) तुम्हाला ठाऊक आहे. २००९ मध्ये त्या गावाला जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण वाहतुकीचा पास दुसऱ्याच्या हाती असेल, तर तोडलेला बांबू गावाबाहेर जाणार कसा? एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासपुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा तो हक्क पुरा झाला. लिनक्सला १९९२ पासून जीपीएल हा परवाना लागू आहे. वापरा, बदला, आणि पुढेही द्या, असे तो सांगतो. हा पासही आपल्याच हाती आहे. अट एवढीच, की बांधलेले पॅकेज ज्याला द्याल त्याला त्याचा मूळ मजकूरही मिळाला पाहिजे.

पण पास हाती आला की जबाबदारीही येते. नोव्हेंबर २००३ मध्ये कोणीतरी कर्नलच्या एका प्रतीत गुपचूप दोन ओळी घुसवल्या. तुलना करायला बरोबरची दोन चिन्हे लागतात, तिथे एकच ठेवले होते. त्यामुळे ‘हा मुख्य वापरकर्ता आहे का?’ या प्रश्नाऐवजी ‘याला मुख्य वापरकर्ता करा’ असा हुकूम तयार झाला! पकडले कसे? या बदलाची नोंद मूळ वहीत नव्हती, दोन वह्यांचा ताळा जुळेना. बँकेत आम्ही आयुष्यभर तेच केले. एकाने व्हाउचर करायचे, दुसऱ्याने पास करायचे. माणूस कितीही विश्वासाचा असो, दोन सह्या लागतातच.

आपल्या संस्थेतली दोन-तीन मुले सध्या अशी पॅकेजे बांधून घरोघर देत आहेत. मला त्यांचे कौतुक आहे. पण त्या लॅपटॉपवर कोणी पेन्शन पाहतो, कोणी पैसे पाठवतो. शिवाय ही मुले उद्या शिकायला नागपूर-पुण्याला जाणार. हाताने चढवलेला कर्नल रोजच्या अपडेटमधून आपोआप सुधारत नाही. मुलगा गेला की त्याच्या कर्नलमधली भोके तशीच राहणार, आणि आजोबांना पत्ताही लागणार नाही. म्हणून चार नियम सुचवतो.

एक, पॅकेजसोबत मूळ मजकूर आणि निवडीची कॉन्फिग फाइल द्यायची. दोन, एकाने बांधायचे, दुसऱ्याने तपासायचे. मूळ मजकुरावरची डिजिटल सही पाहायची आणि पॅकेजचा ६४ अक्षरी ठसा सूचना फलकावर लावायचा, म्हणजे कोणालाही पडताळता येईल. तीन, यंत्रातला जुना कर्नल काढायचा नाही. नवा उठला नाही तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडता आला पाहिजे. चार, दीर्घ मुदतीची आवृत्तीच घ्यायची, सुधारणा आली की पुन्हा बांधायची, आणि गाव सोडण्याआधी वारसदार नेमायचा. वारसदार नसेल तर प्रत्येक घरी जाऊन डेबियन किंवा उबंटूचा तयार कर्नल परत लावून द्यायचा. कर्जाला जामीन राहिलेला माणूस गाव सोडून गेला म्हणून सुटत नाही.

संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकावर मात्र तयार कर्नलच ठेवावा. तिथे सर्वांचे हिशेब आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सभागृहात आम्ही बसणार आहोत. लॅपटॉप आणा, चार्जर आणा, आणि हो, प्रिंटर विसरू नका. मुले बांधतील, तपासायला मी आहे. अजून एक तपासनीस हवा, ज्यांना वेळ आहे त्यांनी नाव द्यावे.