परमवीर राम राघोबा राणे



पलासियात आज आपण एकत्र जमलो असता कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे यांचे स्मरण करावेसे वाटते. रणगाडे पोहोचल्याविना राजौरीच्या निरपराध जनतेची सुटका नव्हती, आणि वाट तर सुरुंगांनी पेरलेली. ८ एप्रिल १९४८ रोजी उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले, पाचजण जखमी. त्यांत स्वतः राणे. तरीही तुकडी सावरून ते कामास लागले. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत त्यांनी सुरुंग हुडकले. चालकास खूण द्यावयाची ती दोरी ओढून! तलवार उपसणे मला यापुढे सोपे वाटते. ११ एप्रिलला चिंगसपर्यंतचा मार्ग खुला झाला, दुसऱ्या दिवशी राजौरी मुक्त झाली. परमवीरचक्र राण्यांना हयातीतच लाभले.